साडेचारशे क्विंटलचा एक गुंठा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

लातुरात बांधकामाला तेजी आली अशी बातमी तुमच्या पेपरात वाचली म्हणून हे पत्र लिहायलोय. बातमी खोटी नाही, आमच्याच गल्लीत चार ठिकाणी स्लॅब पडायलेत, सकाळी सहाला खडीचा हायवा दारात येऊन उभा राहतो. पण ती घरं नाहीत साहेब, हॉस्टेलच्या खोल्या आहेत. आणि मला 31 मार्चला राहतं घर सोडायचंय.

मी मार्केट यार्डात आडतीवर मुनीम आहे, बावीस वर्षं झाली. ट्यूशन एरियापासून जवळच टू बीएचके भाड्यानं घेऊन राहतो, नऊ वर्षं एकाच घरात. मालक माणूस चांगला, दिवाळीला ताट वर जातं, वरून खाली येतं. जानेवारीत एक दिवस आले, चहा घेतला आणि म्हणाले मुनीमजी वाईट वाटून घेऊ नका पण लेकरांसाठी खोल्या काढायच्यात. माझंच पेन मागून घेतलं आणि पेपरच्या कडेला हिशोब मांडला, हॉलमध्ये चार, दोन्ही बेडरूममध्ये तीन-तीन, दहा पोरं, डोक्यामागं पस्तीसशे, महिन्याला पस्तीस हजार. मी देतो नऊ. आयुष्य दुसऱ्याचे हिशोब तपासण्यात गेलं, ह्यात काही चूक निघते का म्हणून दोनदा बघितलं, निघाली नाही.

खालचा मजला त्यांनी मागच्याच वर्षी केला. प्लायवूडचं पार्टिशन टाकून हॉलचे दोन भाग केलेत, त्यामुळं पंखा बरोबर पार्टिशनच्या वर आलाय, अर्धा इकडं अर्धा तिकडं. जिन्याच्या पायरीवर डब्यांची रांग, प्रत्येक डब्यावर मार्करनं नाव, आणि एका संडासाला सहा पोरं. पोरांबद्दल माझी काही तक्रार नाही, बिचारे रात्री दोनपर्यंत बायोलॉजी पाठ करायलेत, माझी भाचीसुद्धा ह्याच एरियात शिकून डेंटलला लागली. शाहू आणि दयानंद कॉलेजच्या शिकवायच्या पद्धतीनं, ज्याला लातूर पॅटर्न म्हणतात, ह्या गावाला नाव दिलं आणि मेसवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना पोटाला दिलं. पण झालंय काय, की जे घर आधी एका कुटुंबाला मिळायचं ते आता दहा लेकरांच्या भाड्याशी स्पर्धा करतंय आणि नऊ-दहा हजार देणारा शिक्षक, कंडक्टर, दुकानातला माणूस त्यात टिकूच शकत नाही. त्यानं मग जायचं कुठं? गावाच्या कडेला. आणि कडेला काय आहे ते आता सांगतो.

कडेला प्लॉट आहेत. नुसते प्लॉट. बार्शी रोडनं, नांदेड रोडनं, कव्ह्याकडं, कुठंही जा, दगडं रोवलेली, चुन्याची फक्की मारलेली, एखाद्या प्लॉटला तारेचं कंपाउंड आणि आत काँग्रेस गवत. हरंगुळला 2018 ला रेल्वे कोच कारखान्याचं भूमिपूजन झालं तेव्हापासून त्या बाजूचा एजंट कुठलाही प्लॉट असो, कारखान्यापासून पाच मिनिटांवरच दाखवतो (पाच मिनिटं कशानं हे विचारायचं नाही). ह्यातल्या किती प्लॉटवर घर होणारे? ज्यांनी घेतलेत त्यांना तिथं राहायचंच नाही. सोयरिकीत मुलाच्या बायोडाटात लिहायला प्लॉट लागतो, पुण्याला नोकरीला असलेल्या पोराला पैसा गुंतवायला लागतो, आणि पडून राहिला तरी भाव चढतोच मग बांधायची घाई कुणाला?

दुसऱ्याला कशाला बोलू, मी पण त्यातलाच. 2011 च्या दिवाळीला मी गावाच्या कडेला एक गुंठा घेतला, म्हणजे 1089 स्क्वेअर फूट, अडीचशेच्या भावानं. पावणेतीन लाखाच्या आत बसला. तेव्हा आमच्या आडतीवर सोयाबीन बावीसशेच्या आसपास होतं, म्हणजे सव्वाशे क्विंटल सोयाबीनला एक गुंठा. आता तिथंच अठराशेचा भाव म्हणायलेत, साडेएकोणीस लाख होतात, आणि ह्या सीझनला आमच्याकडं सोयाबीन त्रेचाळीसशेनं गेलं. 2025-26 चा हमीभाव 5328 होता पण तो ज्याला मिळाला त्याचं अभिनंदन. म्हणजे तोच गुंठा घ्यायला आता साडेचारशे क्विंटल लागतात. एकरी आठ क्विंटलचा उतारा धरला तर सत्तावन्न एकरांचं एका सीझनचं सोयाबीन, आणि त्यात बी, खत, फवारणी, मजुरी काहीच धरलं नाही. 2021 ला सोयाबीन दहा हजाराच्या वर गेलं होतं तेव्हा वाटलं आता शेतकरी बरोबरीला आला. भाव खाली आला, प्लॉट काही खाली आला नाही.

मग तुम्ही म्हणाल मुनीमजी स्वतःचा प्लॉट असताना भाड्यानं का राहता, बांधा की. तीच तर गंमत आहे. तो गुंठा ज्या सातबाऱ्यावर आहे त्याच सातबाऱ्यावर आम्ही चौदा जण आहोत, सामाईक, पोटहिस्सा नाही, एनए म्हणजे बिगरशेती परवाना नाही, मंजूर लेआउट नाही. चौदातले दोन वारले, त्यांच्या वारसांची नावं लागली नाहीत, एक पुण्याला आहे तो फोन उचलत नाही. बँकेत गेलो तर तिथल्या साहेबानं कागद उलटे-सुलटे करून परत दिले, म्हणाले ह्याच्यावर होमलोन होत नाही. चूक त्यांची नाही. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा आहे, शेतीचे बारीक तुकडे होऊ नयेत म्हणून केलेला, हेतू चांगलाच होता. पण त्या कायद्यानं तुकडे थांबले नाहीत, फक्त तुकडे घेणारे माझ्यासारखे लोक कागदावर लटकून राहिले. 2024 ला सरकारनं असे व्यवहार नियमित करायचा दंड बाजारमूल्याच्या पंचवीस टक्क्यांवरून पाचवर आणला, 2025 ला तर आणखी सूट जाहीर केली, त्या दिवशी मी आडतीवर पेढे वाटले खरं सांगतो. नंतर चकरा मारायलोय, कधी साहेब मीटिंगला असतात, कधी अजून गाईडलाईन आली नाही म्हणतात, पेढ्याचे पैसे तेवढे गेले.

समजा उद्या कागद झालाच. गुत्तेदार आठशे स्क्वेअर फुटाला एकोणीसशेचा भाव सांगतो, पंधरा लाख वीस हजार, बोअर वेगळा, आणि आमच्या भागात सहाशे फूट जाऊन पण धूळच निघेल ह्याची गॅरंटी जास्त. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी घागर घेऊन रांगेत होतो, त्यामुळं पाण्याविषयी लातूरकराला शिकवायची गरज नाही. सिमेंटवरचा जीएसटी 2025 च्या सप्टेंबरात 28 चा 18 झाला, मी लगेच गुत्तेदाराला फोन लावला, म्हणाला ते सगळं वाळूत गेलं बघा. वाळू 2023 ला सरकार सहाशे रुपये ब्रासनं (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) देणार होतं. सहाशेची वाळू स्वतःच्या दारात पडलेला माणूस कुणाला माहीत असेल तर कळवा, त्याला माझ्याकडून चहा.

राहिला फ्लॅट. गावात मोठ्या स्कीम थोड्या, बाकी सगळं आठ-आठ फ्लॅटचं. ह्याचं कारण पण बघा, जमीन पाचशे चौरस मीटरच्या आत असली किंवा फ्लॅट आठपर्यंत असले की रेराची, म्हणजे बिल्डरवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी लागत नाही, म्हणून बिल्डर बरोबर आठ काढतो, नववा काढत नाही. नोंदणी नाही म्हणजे ताबा कधी देणार, पार्किंग कुणाचं, हे सगळं तोंडी. माझ्या साडूनं असाच इसार दिला, दीड वर्षात ताबा म्हणाले होते, आता चौथं वर्ष चालूये, लिफ्टच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचलंय.

आणि आमच्या आईला फ्लॅट चालतच नाही. आमचं गाव औसा तालुक्यातलं, 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आमच्या घरात अजून संपलेली नाही, ती दुसऱ्या मजल्यावर झोपत नाही म्हणजे नाही. पण त्याच भूकंपानंतरची एक गोष्ट मला ह्या सगळ्यात सारखी आठवते. 52 गावं सरकारनं नवीन जागेवर वसवली. जमिनीप्रमाणं घरं ठरली होती, अडीचशे, चारशे, साडेसातशे स्क्वेअर फूट, आमच्या वडिलांच्या वाट्याला चारशेचं आलं. त्या घरांना लोकांनी नावं पण लई ठेवली, सगळी एकसारखी, गोठ्याला जागा नाही, गल्लीची मजा नाही, खरंच होतं ते. तरी पण रस्ते आखले, नंबर टाकले, कागद माणसाच्या हातात दिला. चारशे स्क्वेअर फुटाचा तो कागद आमच्या पेटीत अजून आहे आणि 1089 फुटाचा माझा कागद पंधरा वर्षात झाला नाही.

माझं म्हणणं इतकंच, की नवीन प्लॉटिंगला परवानगी देत सुटण्यापेक्षा जे पाडून ठेवलंय त्याच्यावर घर कसं होईल ते बघा. तलाठी, भूमापनवाला आणि बँकेचा माणूस एका टेबलावर बसवून गावोगाव कॅम्प लावा, आधारकार्डाचे लागतात तसे. ज्याचा कागद साफ आहे आणि तरी पाच-पाच वर्षं मोकळा ठेवलाय त्याला मोकळ्या जागेचा कर दरवर्षी चढता लावा. माझा कागद साफ झाल्यावर मला पण लावा, मी भरीन. आणि हॉस्टेल हा धंदा आहे तर त्याची धंदा म्हणूनच नोंद करा, दहा पोरांमागं संडास किती, आग लागली तर उतरायचं कुठून हे बघा, म्हणजे घरमालकाच्या कागदावरचा पस्तीस हजाराचा आकडा जरा खरा होईल. आता त्यात खर्चाचा रकानाच नाही.

मार्केट यार्डापासून सायकलच्या अंतरावर, तळमजल्याला, दहा हजारापर्यंत कुणाकडं घर असेल तर तुमच्या कचेरीत सांगून ठेवा, मी शनिवारी येऊन विचारून जातो.

आपला,
एक मुनीम, लातूर

ता. क. नाव छापू नका. मालक तुमचाच पेपर घेतात, आणि आम्ही वाचतो तो पण त्यांचाच, दुपारनंतर.