अंदाजाने बदलले जाणारे सुटे भाग

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात घाट चढताना जुनी गाडी अचानक बंद पडते, बॉनेट उघडून अर्धा तास उभी केली की निमूटपणे चालू होते, आणि गॅरेजमध्ये नेल्यावर आधी फ्युएल पंप, मग कॉइल, मग प्लग असे एकेक भाग मालकाच्या खर्चाने बदलले जातात. कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आल्यानंतरच्या, आता पंधरा-वीस वर्षांच्या झालेल्या गाड्यांत अशा वेळी क्रँक सेन्सरकडे सर्वांत आधी पाहायला हवे.

क्रँकशाफ्टबरोबर, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याबरोबर, फिरणाऱ्या दातेरी चकतीजवळ हा बोटभर सेन्सर बसवलेला असतो. पुष्कळ गाड्यांत चकतीवर ६० दात्यांची आखणी करून त्यांतले दोन मुद्दाम गाळलेले असतात, आणि त्या मोकळ्या जागेवरून पिस्टन कुठे आहे हे ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, समजते. हा संकेत थांबला की पेट्रोल केव्हा सोडायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची हेच कळेनासे होऊन इंजिन बंद पडते. सेन्सरमधली बारीक तार जुनी झाल्यावर उष्णतेने सुटते व गार झाल्यावर पुन्हा जुळते. त्यामुळे थंड गाडीवरची तपासणी हमखास फसवी ठरते.

गाडीच्या संगणकातले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३३५ हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा कोड दिसला की लगेच नवा सेन्सर मागवणे हीदेखील घाईच आहे. तो कोड सर्किटमधला दोष सांगतो. घासून सोललेली वायर किंवा कपलरमध्ये (वायर जोडणाऱ्या खोबणीत) शिरलेले ऑइलही त्यामागे असू शकते. दोन तारांच्या सेन्सरचा विद्युत रोध थंड व गरम अशा दोन्ही अवस्थांत मल्टिमीटरवर पाहता येतो, मात्र तीन तारांच्या, आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या हॉल सेन्सरला ही चाचणी लागू पडत नाही. बसवतानाही बैठक स्वच्छ हवी, कारण चकती व सेन्सर यांतले अंतर जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असते आणि गंजाचा थरदेखील ते बिघडवतो.

पण नेमका रोध किती, अंतर किती, हे आकडे बाहेरच्या मेकॅनिकला मिळणार कुठून? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले असून त्यात वाहनक्षेत्राचाही समावेश आहे. बंद झालेल्या मॉडेलांचे हे आकडे व वायरिंगचे नकाशे कंपन्यांनी तेथे विनामूल्य, शक्यतो मराठीतही द्यावेत, असा आग्रह विभागाने धरावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा