मनू, त्या कागदावर सही करू नकोस

20 जून

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोन ठेवलास तो ठेवलासच. बाबा म्हणाले, राहू दे, सकाळपर्यंत शांत होईल. तू होशील गं, मी नाही होणार, म्हणून लिहितेय. मोबाइलवर एवढं लांब लिहिलं की तू न वाचता अंगठा दाखवून मोकळी होतेस, म्हणून कागदावर. सुनील तुझ्याच बाजूला निघालाय, त्याच्या हाती देते.

आधी एकच सांग. तुझ्या कंपनीने पुढे केलेल्या कागदावर सही केलीस का? फोनवर "बघू" म्हणालीस. बघू म्हणजे काय?

तू राजीनामा दिलास याबद्दल माझं काही म्हणणं नाही. वर्षाताई बोलली असेल, मी नाही. उलट आपल्या घरात स्वतः होऊन नोकरी सोडणारी तूच पहिली, आणि नवीन ठिकाणी बोलावून घेतलंय, हे मी खालच्या काकूंना दोनदा सांगून झालं. पण तू 90 दिवसांची रीतसर नोटीस दिलीस, 30 ऑगस्टपर्यंत काम करायला तयार होतीस, आणि तिसऱ्या आठवड्यातच त्यांनी "उद्यापासून येऊ नका" म्हटलं. नवीन जागा 1 सप्टेंबरला. मधला पगार कोणी द्यायचा, हे आता त्या कागदातल्या एका ओळीवर ठरणार आहे. "कर्मचाऱ्याच्या विनंतीवरून लवकर मुक्त करण्यात येत आहे." विनंती कोणी केली होती? तू नाही ना केलीस? मग त्याखाली तुझी सही का?

फोर्टातल्या ऑफिसात पगारपत्रकं आणि हिशेब चुकते करण्यातच माझी सगळी नोकरी गेली, तुला माहीत आहे. मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेली बाई आहे. ती ओळ कशी येते ते मी पाहिलंय. माणूस घाईत असतो, त्याला रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, हवं असतं, साहेब सांगतात आधी सही, मग चेक. माणूस सही करतो. वर्षभराने भांडायला येतो तेव्हा साहेब तोच कागद काढून दाखवतात.

तुझं अपॉइंटमेंट लेटर काढ आणि नोटिशीचं कलम नीट वाच. "दोन्ही बाजूंनी 90 दिवस किंवा त्या बदल्यात पगार" असं असेल, तर नोटीस त्यांनी तोडली म्हणजे उरलेल्या दिवसांचा पगार त्यांनी द्यायचा. तू तोडली असतीस तर तुझ्याकडून वसूल केला असता की नाही? काही कंपन्या "आम्ही आमच्या मर्जीने लवकर सोडू शकतो" एवढंच घालतात आणि पैशाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. तसं असलं तर वकिलाचं काम. म्हणून म्हणते, आधी वाच.

सुप्रीम कोर्टाचा 1989 चा एक निकाल आहे, पंजाब नॅशनल बँकेच्या एका अधिकाऱ्याचा. आमच्या सेक्शनमध्ये त्याची झेरॉक्स फिरायची. त्याने जानेवारी 1986 मध्ये लिहून दिलं की 30 जूनपासून सोडतो. बँकेने फेब्रुवारीतच "तात्काळ मंजूर" म्हणून त्याच दुपारी मोकळा केला. त्याने एप्रिलमध्ये राजीनामा मागे घेतला आणि जिंकला. कोर्ट म्हणालं, नोटीस कमी करायची सवलत नोकरी सोडणाऱ्याच्या सोयीसाठी आहे, त्याने मागितल्याशिवाय बँकेला ती वापरता येणार नाही. अर्थात ती सरकारी बँक, तिचे नियम वेगळे. खासगी कंपनीत कोर्ट सहसा खुर्चीवर परत बसवत नाही, पैशाचं बघतं. पण "मागितल्याशिवाय" हा मुद्दा तिथेही महत्त्वाचा. आणि तू मागितलं नव्हतंस.

बघ, परत तिथेच आले.

दुसरी गोष्ट ग्रॅच्युइटीची, म्हणजे पाच वर्षं नोकरी भरली की मिळणाऱ्या रकमेची. तुला 2 ऑगस्ट 2021 ला घेतलं. म्हणजे या ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात पाच वर्षं भरत होती, नोटिशीच्या आतच! बेसिक 52 हजार धरलं तर 15 भागिले 26 च्या हिशेबाने वर्षाला 30 हजार, पाच वर्षांचे दीड लाख. त्यांना हे माहीत नव्हतं असं मला कोणी सांगू नये. मद्रास हायकोर्टाने चार वर्षं आणि पाचव्या वर्षाचे 240 दिवस भरले तरी ग्रॅच्युइटी लागू धरली होती, पण ते मद्रासचं, कंपन्या सगळीकडे ऐकत नाहीत. म्हणून नुसते पैसे मागू नकोस. म्हण, मला घरी बसवा, हरकत नाही, पण 30 ऑगस्टपर्यंत रोलवर, म्हणजे कंपनीच्या पटावर, ठेवा. रोलवर राहिलीस की पीएफ चालू राहतो, पाच वर्षं पूर्ण होतात आणि विमाही चालू राहतो.

विम्याचं लिहायचं नव्हतं. बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन जुलैत आहे आणि ते तुझ्या कंपनीच्या पॉलिसीत आहेत, म्हणून तू गप्प बसून सही करावीस असं मुळीच नाही. मोतीबिंदू दोन महिन्यांनी काढला तरी चालतो. फक्त ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, त्याचा अर्ज वेळेत करावा लागतो, तेवढं एचआरला विचारून ठेव.

आज घरच्या ईमेलवरून त्यांना चार ओळी पाठव. मी पूर्ण नोटीस काम करायला तयार आहे, लवकर सोडण्याची विनंती मी केलेली नाही, उरलेल्या काळाचा पगार द्यावा. बस. रागाचं एकही वाक्य नको. पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16 उतरवून घे, लॅपटॉप दिलास की पोच घे. आणि नोकरी सोडली की राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा, असं नव्या वेतन संहितेत आहे, मॅनेजर असो वा शिपाई. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तुला मॅनेजर म्हणतात म्हणून कामगार भवनात, कामगार आयुक्तांच्या ऑफिसात, दाद मिळणार नाही, असं ते सांगतील. कार्डावरचा हुद्दा बघत नाहीत, प्रत्यक्ष काम काय ते बघतात.

लेक्चर झालं. माफ कर. तुला शिकवतेय असं नको समजूस, तू माझ्यापेक्षा शिकलेली आहेस. पण 1982 च्या संपानंतर गिरणीत दादांनी, तुझ्या आजोबांनी, कुठल्यातरी कागदावर सही केली होती. काय लिहिलं होतं ते त्यांनी आजीला कधीच सांगितलं नाही, बहुतेक वाचलंच नव्हतं. आमची फी भरायला आजी भाजणीची पिठं दळून विकायची आणि दादा गॅलरीत पेपर वाचायचे, जाहिरातीसुद्धा. लहानपणी वाटायचं, केवढं वाचतात! तू सहावीत असताना माझं रेशनकार्डाचं पत्र दुरुस्त केलं होतंस, ते बघून दादा सगळ्या मजल्यावर सांगत फिरले होते. असो. कुठून कुठे गेले.

घरचा हप्ता या महिन्यात आम्ही भरतो, त्यावर वाद नको. मासेमारी बंद आहे, त्यामुळे बाबांनी सुके बोंबील आणून ठेवलेत, येशील तेव्हा करीन. येताना अपॉइंटमेंट लेटर आणि तो कागद, दोन्हींच्या झेरॉक्स आण, एक प्रत माझ्याकडे राहू दे. शैलाच्या ओळखीच्या एक वकीलबाई आहेत, दादरला बसतात, बुधवारी संध्याकाळी भेटतात म्हणे. वेळ घेऊ का, ते सुनीलजवळच सांग.

तुझी आई