कुणाचा मुलगा, हे विचारू नकोस

सांगली
दि. ९ जून

चि. मृणाल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू सांगितलंस, "बाबा, बांधकामावरचे शिकाऊ कामगार निवडायच्या समितीवर कंपनीने मला घेतलंय." आईने लगेच देवापुढे साखर ठेवली. मी मात्र फार बोललो नाही, कारण मनात होतं ते फोनवर मावणारं नव्हतं. म्हणून हे पत्र. सवडीने वाच, पण समितीच्या पहिल्या बैठकीआधी वाच.

गेल्या वर्षी आम्ही तुझ्याकडे अमेरिकेत सेंट लुइसला आलो होतो, तेव्हा तू मला लाबाडी अव्हेन्यूवर ४६०० नंबरचं घर दाखवलं होतंस. १९०६ सालचं दुमजली वीटकाम. घर दाखवून तू पुढे निघालीस, मी मात्र त्या घरात कोण राहिलं हे नंतर शोधत बसलो. तुझ्याकडची पुस्तकं चाळली, इथे आल्यावरही वाचत राहिलो.

त्या घराचा मालक जे. डी. शेली हा बांधकामावर राबणारा माणूस. मिसिसिपी राज्यातल्या स्टार्कव्हिलहून आलेला, कृष्णवर्णीय. आधी तो एकटा आला, मागून बायको एथेल आणि मुलं. सहा मुलं होती. कृष्णवर्णीयांनी कुठे राहायचं ते शहराने ठरवून टाकलेलं, त्यामुळे त्या वस्त्यांत दाटी प्रचंड आणि भाडं चढं. नवरा-बायकोने पैसा पैसा साठवला आणि १९४५ मध्ये हे घर घेतलं. राहायला गेले आणि पाठोपाठ कोर्टाची नोटीस आली.

कारण १९११ मध्ये तिथल्या ३९ मालकांपैकी ३० जणांनी आपसात करार केला होता, ५० वर्षांसाठी, की 'निग्रो किंवा मंगोलियन वंशाच्या' माणसाला इथल्या मालमत्तेचा ताबा द्यायचा नाही. मंगोलियन म्हणजे आशियातले लोक. असे करार तेव्हा अमेरिकेतल्या शहरोशहरी होते. गृहकर्जाला हमी देणारी सरकारी संस्था तर आपल्या नियमपुस्तिकेत त्यांची शिफारसच करत होती. म्हणजे शेजाऱ्याचा द्वेष आणि बँकेचं गणित एकाच कागदावर आलं होतं. दुसऱ्याची घरं बांधून ज्याचे हात फाटले, त्याला रोख पैसे मोजूनही चांगल्या वस्तीत घर नाही, आणि त्याच्या वस्तीतल्या घरावर कर्जही नाही.

शेलींचे वकील जॉर्ज वॉन, तेही कृष्णवर्णीय. मिसूरी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरले, तरी ते थांबले नाहीत. वॉशिंग्टनच्या, म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ मे १९४८ ला निकाल दिला. नऊपैकी तीन न्यायाधीश या खटल्यातून बाजूला झाले होते, उरलेल्या सहांनी एकमताने सांगितलं की लोकांनी आपसात काय लिहून ठेवायचं ते ठेवावं, पण कोणतंही न्यायालय त्याची अंमलबजावणी करून देणार नाही. कागद राहिला, कागदामागचा बेलीफ गेला. शेली कुटुंबाचं घर राहिलं. एका बांधकाम मजुराच्या कुटुंबाने अख्ख्या देशाचा कायदा हलवला, याचं मला फार मोल वाटतं.

पण मृणाल, मला खरं सांगायचंय ते यापुढचं आहे. घराचं दार उघडलं, धंद्याचं उघडलं नाही.

विटा रचणं आणि गिलावा ही कामं अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या हातात कित्येक पिढ्या होती. गुलामगिरीच्या काळापासून थापी त्यांच्याच हातात. उत्तरेकडच्या शहरांत आल्यावर तो हुन्नर बरोबर आला, पण काम मिळायचं कामगार संघटनेच्या सभासद-कार्डावर. गवंडीकाम, गिलावा, सिमेंटची फरशी यांत तरी थोडीफार जागा मिळे. वायरिंग, नळजोडणी, पत्रेकाम यांत जवळपास नाहीच. तिथे शिकाऊ म्हणून कुणाला घ्यायचं हे जुने सभासद ठरवत, आणि घेत कुणाला? मुलाला, पुतण्याला, भाच्याला. काही संघटनांत तर नव्या सभासदाला जुन्याची शिफारस लागे. नियमात रंगाचा उल्लेखही करावा लागत नव्हता. बापाकडे कार्ड नाही म्हणून मुलाला नाही, मुलाला नाही म्हणून नातवाला नाही. घमेली वाहणाऱ्यांच्या संघटनेत मात्र कृष्णवर्णीय सभासद भरपूर. माल चढवायचा त्यांनी, ओळंबा धरायचा दुसऱ्याने.

मी आजोबांच्या हाताखाली शिकलो, हे तुला ठाऊक आहे. आधी नुसतं मसाला कालवणं, मग विटा भिजवणं, मग आतली भिंत, आणि दर्शनी भिंतीला हात लावू दिला तो फार उशिरा. धंदा असाच उतरतो, एका हातातून दुसऱ्या हातात. म्हणूनच मला ही गोष्ट इतकी लागते. तिकडच्या बापालाही हुन्नर देता येत होता. संध्याकाळी मागच्या अंगणात पोराला सांधा भरायला शिकवता येत होतं. पण त्या हुन्नरावर पुरा पगार मिळवून देणारं कार्ड त्याच्या हातात नव्हतं.

ज्यांनी स्वतःचा धंदा काढला त्यांचीही वाट सोपी नव्हती. कंत्राटदार म्हणून मी ती समजू शकतो. सरकारी काम घ्यायचं तर हमीचा बाँड लागतो. बाँड मिळायला मागे केलेली मोठी कामं आणि बँकेत पत लागते. मोठी कामं कधी दिलीच नाहीत, तर पत कुठून येणार? मग हाताला उरायचं काय, तर वस्तीतली दुरुस्ती, एखादी वाढीव खोली, पायरी, धुरांडं, चर्चचं बांधकाम. मालाचे पैसे रोखीने मोजायचे आणि गिऱ्हाईक मात्र हप्त्याने देणार, कारण त्या गिऱ्हाइकालाही कुणी कर्ज देत नाही. अशा धंद्यात घरातलं प्रत्येक माणूस ओढलं जातं, हे आईला विचार. तिने माझे मस्टर आणि सिमेंटच्या पावत्या किती वर्षं सांभाळल्या.

आणि तुझ्या शहरात त्याच काळात काय चाललं होतं? १९५९ मध्ये मिल क्रीक व्हॅलीची पाडापाडी सुरू झाली. सुमारे वीस हजार माणसांची वस्ती, बहुतेक सगळी कृष्णवर्णीय. घरं, दुकानं, चर्च, सगळं गेलं. थोड्याच वर्षांनी नदीकाठी ती 'गेटवे आर्च' नावाची कमान उभी राहू लागली, ६३० फूट उंच, लोकांच्या करातून. तिच्यावर कुशल कामाला कृष्णवर्णीय कामगार जवळजवळ नव्हते.

१४ जुलै १९६४ ला पर्सी ग्रीन आणि रिचर्ड डेली हे दोघे तरुण, एक कृष्णवर्णीय आणि एक गोरा, अर्धवट बांधलेल्या कमानीच्या एका पायावर कामगारांच्या शिडीने चढले. सव्वाशे फुटांवर जाऊन बसले आणि चार तास उतरले नाहीत. नागरी हक्कांच्या कायद्यावर सही होऊन तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते. कमानीच्या कुशल कामात दहा टक्के तरी आमची माणसं घ्या, एवढंच मागणं होतं. मी आयुष्यभर परांचीवर काम केलंय. एवढ्या उंचीवर वाऱ्यात नुसतं थांबणं म्हणजे काय, ते मला पुस्तकातून कळावं लागत नाही.

पुढे १९६६ च्या जानेवारीत कमानीखालच्या कामावर एका ठेकेदाराने कृष्णवर्णीय प्लंबर आणले, तर संघटनांची माणसं हत्यारं खाली ठेवून निघून गेली. त्यावर केंद्र सरकारने बांधकाम संघटनांवरच खटला भरला. नोकरीतल्या सर्रास चालणाऱ्या भेदभावाविरुद्ध त्या नव्या कायद्याखाली सरकारने भरलेला तो पहिला खटला. आपण लिफ्टने कमानीच्या माथ्यावर गेलो तेव्हा हे मला माहीत असतं, तर मी खालीच जास्त वेळ थांबलो असतो.

हे सगळं अमेरिकेचं, आपलं नाही, असं मात्र समजू नकोस. १९१७ मध्ये बाबासाहेब कोलंबियात शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी विश्रामगृहातून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. न्यूयॉर्कमध्ये राहून आलेल्या माणसाला. आणि आज पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत आडनाव ऐकून "जागा गेली हो" म्हणणारे कमी नाहीत. आपल्या आजोबांनी ज्या वाड्याचं जोतं घातलं, तिथेच त्यांना पाणी वरून ओंजळीत ओतत. ते हे क्वचितच बोलत, आणि बोलले की त्या दिवशी जेवत नसत.

तर आता तुझी समिती. अर्ज येतील, त्यातल्या काही मुलांबरोबर कुणाचा तरी निरोप येईल. "आमच्या फोरमनचा मुलगा आहे, चांगला आहे." असेलही चांगला. त्याला बाद कर असं मी म्हणत नाही. पण तो निरोप गुणांच्या रकान्यात जाऊ देऊ नकोस. मुलाच्या हातात थापी दे, चार थर रचायला लाव, आणि मग ओळंबा सोडून बघ. टेप वाचता येते का, अपूर्णांकात बेरीज जमते का, सकाळी वेळेवर येतो का, हे बघ. ज्याच्या मागे कुणीच नाही, त्याचा अर्ज दोनदा वाच. आणि अर्ज मागवायची नोटीस कुठे लागते ते आधी विचार. ती नुसती संघटनेच्या कचेरीत लागत असेल, तर शहराच्या उत्तर भागातल्या शाळांत, चर्चमध्येही लावायला सांग. लाबाडी अव्हेन्यू त्याच भागात आहे.

त्या भागात आपण पडकी घरंही पाहिली होती. रिकाम्या घरांच्या विटा चोर काढून विकतात, असं मी नंतर वाचलं. जुना चुन्याचा मसाला, वीट अखंड सुटते, साफ होते, आणि दुसऱ्या राज्यांत तिला चांगला भाव येतो. मला झोप लागली नाही त्या रात्री. त्याच गल्ल्यांतली दहा मुलं शिकून तयार झाली, तर ती घरं दुरुस्त करायला माणसं बाहेरून आणावी लागणार नाहीत.

समितीत तू सगळ्यांत लहान असशील, बहुधा बाई म्हणूनही एकटीच. आवाज चढवू नकोस, पण तुझं म्हणणं इतिवृत्तात लिहून घ्यायला लाव. तोंडी बोललेलं साइटवर टिकत नाही.

इकडे आई बरी आहे, गुडघा थोडा कुरकुरतो. पाऊस अजून नाही. मिरज रोडवरच्या कामाचा स्लॅब येत्या गुरुवारी टाकायचा आहे. पहिली बैठक झाली की किती अर्ज आले आणि नोटीस कुठे कुठे लावली, ते मला कळव.

तुझे,
बाबा