बाबेलच्या राजाविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझे पत्र मिळाले. देव जर खरोखरच सार्वभौम आहे, तर गर्विष्ठ माणसे इतकी वर्षे गादीवर कशी टिकतात, आणि अखेर ती कोसळली की विश्वासणाऱ्याने आनंद मानावा की नाही, हे तुझे दोन्ही प्रश्न माझ्या मनात घोळत आहेत. दोहोंचे उत्तर मला बायबलमधील दानीएलाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात एकाच ठिकाणी मिळते, म्हणून आज त्याच अध्यायाविषयी लिहितो.

तो अध्याय म्हणजेही एक पत्रच आहे. इ.स.पू. 605 ते 562 या काळात बाबेलवर (म्हणजे बॅबिलोनवर) राज्य करणारा नबुखद्नेस्सर, ज्याच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त करून मंदिर जाळले, तो सर्व लोकांना व राष्ट्रांना उद्देशून स्वतःच्या मानहानीची हकीकत कळवतो. गगनाला भिडलेला एक वृक्ष त्याला स्वप्नात दिसतो. त्याच्या सावलीत वनपशू आणि फांद्यांत पाखरे असतात. आणि स्वर्गातून उतरलेला पवित्र दूत तो वृक्ष तोडण्याची आज्ञा देतो. पुढे राजवाड्याच्या गच्चीवर फिरताना राजा म्हणतो की हे थोर बाबेल मी माझ्या सामर्थ्याने, माझ्या वैभवासाठी बांधले आहे. ते शब्द तोंडात असतानाच त्याचे राज्य जाते आणि तो बैलासारखे गवत खात रानात राहू लागतो.

त्या नगराच्या विटा आजही उपलब्ध आहेत. जर्मन संशोधक रोबेर्ट कोल्डेवाय याने 1899 पासून बाबेलचे उत्खनन केले, आणि तेथे ठिकठिकाणी या राजाच्या नावाचा ठसा असलेल्या विटा निघाल्या. त्या ठशात तो स्वतःला बाबेलचा राजा, नबोपोलास्सरचा ज्येष्ठ पुत्र आणि एसगिला व एझिदा या मंदिरांचा पोशिंदा म्हणवतो. हा शेवटचा किताब मला फार विचार करायला लावतो. हा राजा नास्तिक नव्हता. त्याचे मोठाले शिलालेख मर्दुक देवाच्या प्रार्थनांनी भरलेले आहेत. तरीही ज्याच्या मनात आपण देवाच्या घराचे पोशिंदे आहोत ही भावना रुजली, त्याच्या भक्तीच्या तळाशी अभिमान बसू शकतो. स्तोत्र 50 मध्ये परमेश्वर म्हणतो की मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, कारण जग आणि त्यातील सर्व काही माझे आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये देणगीदारांच्या नावांच्या फरश्या बसवताना हे स्तोत्र कोणी वाचते का, असा प्रश्न मला पडतो, आणि तो मी कळकळीने विचारतो आहे.

आता गर्विष्ठ इतका काळ का टिकतो याकडे वळतो. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात परमेश्वर याच नबुखद्नेस्सराला “माझा सेवक” म्हणतो, आणि बंदिवासात जाणाऱ्या यहूदी लोकांच्या कानाला ते किती कठोर वाटले असेल! म्हणजे त्याची सत्ता देवाच्या नजरेतून निसटलेली नव्हती, ती दिलेली होती. पण दिलेली होती म्हणून त्याचा अपराध माफ झाला, असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. यशया संदेष्ट्याच्या दहाव्या अध्यायात अश्शूरचे साम्राज्य हे देवाच्या क्रोधाचा सोटा आहे, तरी त्याच्या राजाच्या उन्मत्त अंतःकरणाचा झाडा घेतला जातोच. कुऱ्हाडीने लाकूडतोड्यापुढे बढाई मारावी काय, असा तेथे प्रश्न आहे. हे दोन्ही एकदम धरणे बुद्धीला जड जाते हे मला मान्य आहे, पण एक बाजू सोडली की एक तर आपण नियतीवादी होतो किंवा देवाला असहाय ठरवतो.

शिवाय त्या काळाला एक हेतू होता. स्वप्न आणि शिक्षा यांच्यामध्ये बारा महिने गेले, आणि त्याआधी, स्वप्नाचा अर्थ सांगतानाच, बंदिवान यहूदी दानीएलाने राजाला उपाय सांगितला होता: नीतीने वागून पातकांचा त्याग कर आणि गरिबांवर दया कर. गर्वाच्या रोगावर गरिबांवरील दयेचे औषध का, याचा विचार कर. जो म्हणतो की हे नगर मी बांधले, त्याला त्या विटा वाहणारे दिसेनासे झालेले असतात, आणि त्यांत आपल्या देशातून हाकलून आणलेले कितीतरी लोक असले पाहिजेत. त्यांच्याकडे पाहणे हीच पश्चात्तापाची सुरुवात ठरली असती. तोडलेल्या वृक्षाचा खुंटही भूमीत राखून ठेवला होता. राज्य परत देण्याचा बेत शिक्षेच्या आज्ञेतच होता.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला याच चौथ्या अध्यायाच्या एकोणिसाव्या वचनात दिसते. स्वप्नाचा अर्थ उमगताच दानीएल काही वेळ स्तब्ध होतो, व्याकूळ होतो, आणि म्हणतो की महाराज, हे स्वप्न तुमच्या वैऱ्यांना लागू पडो. हे कोण बोलत आहे? ज्याला तरुणपणी बंदिवान करून आणले, ज्याचे नाव बदलून बेल्टशस्सर ठेवले, ज्याच्या देवाचे मंदिर याच राजाने जाळले, तो. त्याने अर्थ सौम्य केला नाही. “तो वृक्ष आपणच आहात” हे तोंडावर सांगितले. पण सांगताना त्याचे मन दुखले. परात्पर देव मानवांच्या राज्यावर प्रभुत्व करतो असा ज्याचा पक्का विश्वास असतो, त्याला वैऱ्याच्या पतनावर स्वतःचा हिशेब चुकता करावा लागत नाही. तू लिहितोस तो आनंद, म्हणजे त्याची बरी जिरली हा, मला म्हणून धोक्याचा वाटतो. त्यात न्यायाची तहान असते हे खरे, पण आपण त्या गर्विष्ठांच्या रांगेत नाही असा समजही हळूच शिरतो.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. पाचव्या अध्यायात बाबेलचा पुढचा एक राजा बेलशस्सर यरुशलेमच्या मंदिरातील पात्रांतून द्राक्षारस पितो, तेव्हा दानीएल त्याला म्हणतो की तुमच्या देणग्या तुमच्याजवळच राहू द्या, आणि नबुखद्नेस्सराचे हे सगळे ठाऊक असूनही तुम्ही नम्र झाला नाहीत. तेथे व्याकूळतेचा एकही शब्द नाही, आणि त्याच रात्री राजा मारला जातो. गुरुवारच्या अभ्यासवर्गात तुम्ही हा अध्याय घ्याल तेव्हा या फरकाविषयी तुला काय वाटते ते मला सविस्तर लिही.

घरी सर्वांना सलाम सांग.

तुझा मित्र