आई, ती तोफ आमचीच होती

पाषाण, पुणे

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

फोनवर आईचं बीपी आणि बाबांचा मोतीबिंदू यातच वेळ जातो, म्हणून पत्र. या महिनाअखेरीस मी निवृत्त होतेय.

२०२२ च्या १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरची सलामी टीव्हीवर बघून आईने फोन केला होता, "ही तुझीच का गं तोफ?" मी म्हटलं, "साताऱ्यात पाऊस कसाय?" दोन दिवस आई बोलली नाही. तर आई, हो. ती १५५ मिलीमीटरची अटॅग्ज तोफ आमच्या एआरडीईचीच, म्हणजे इथल्या पाषाणच्या शस्त्रसंशोधन संस्थेची. सलामीत पहिल्यांदाच देशी तोफ, असं पेपरांतही आलं होतं. मीच उगाच तोंड शिवून बसले. सवय लागते.

बाबा, मी फिजिक्स सोडलं असं तुम्हाला वाटत आलं. ताऱ्यांवर काम करणारे दौलतसिंह कोठारी १९४८ मध्ये संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार झाले, हे वर्गात कौतुकाने तुम्हीच सांगायचात. मुलगी त्या वाटेने गेली, तर चेहरा पडला!

माझी उमेद दारूत गेली. तोफेच्या हो! ती फुटत नाही, जळते. पिठासारखी मळून साच्यातून दाबून काढतात, थेट आईच्या चकलीसारखी. एकेका कांडीला आरपार सात भोकं. बाहेरून कांडी झिजते तशी आतली भोकं रुंदावतात, म्हणून जळणारा पृष्ठभाग घटण्याऐवजी वाढतो. गोळा नळीत पुढे सरकला, मागची जागा वाढली, तरी दाब एकदम पडत नाही. हे गणित मला आजही सुंदर वाटतं.

प्रमुख झाल्यावर गणित कमी, फाइली जास्त. बाबांच्या बायपासच्या दिवशी "मीटिंग आहे" म्हणाले होते ना, तेव्हा मी राजस्थानात चाचणीला होते. थंडीत दारू सावकाश जळते. आमच्या आकड्यांत तापमान नीट धरलं नव्हतं आणि गोळा लक्ष्याच्या अलीकडेच पडला. हिशेब करणारी पोरगी रडायला लागली. रिपोर्टात चूक माझ्या नावावर लिहिली. रात्री दादाचा फोन आला, बाबा शुद्धीवर आले म्हणून. तंबूमागे जाऊन मीही रडले.

एक तारखेला येतेय, मुक्कामाला. आई, माळ्यावरचा पितळी सोऱ्या काढून ठेव. बाबांना भोकं दाखवायचीयत.

तुमची,
ताई