पान, बाण, मान

बेळगावच्या माझ्या ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. कॉक्लियर इम्प्लांटचं, म्हणजे ऑपरेशननं कानाच्या आत तार बसवून ऐकवणारं, जुनं मशीन वापरणारी माणसं निपाणी-चिकोडीकडेही असतील, त्यांच्या घरच्यांनीही हे वाचावं.

मशीन बदलायचं म्हटल्यावर आमच्या घरात पहिली भीती ऑपरेशनची. जाऊबाई तर रडायलाच लागल्या, पुन्हा डोकं उघडणार म्हणून. तुम्ही त्यांना शेजारी बसवून घेतलंत आणि नमुना हातात दिलात. आतली तार आहे तिथंच राहणार, बदलणार तो फक्त कानामागचा प्रोसेसर आणि लोहचुंबकानं डोक्याला चिकटणारी कॉइल. टाका नाही, भूल नाही. त्याच दिवशी दुसरी गोष्टही सांगितलीत. चांगल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या पेशी हजारोंनी असतात, माझ्या तारेवर इलेक्ट्रोड, म्हणजे आवाज विजेनं कानाच्या नसेला पोचवणारे ठिपके, २२, आणि नव्या प्रोसेसरनं ते वाढणार नाहीत. लाखांत पैसे भरायच्या आधी हे सांगितलंत, याचे आभार सगळ्यात आधी.

मग तपासणी. याआधी एका ठिकाणी माझी शब्दांची चाचणी कन्नडमध्ये झाली होती. मला कन्नड येतं ते दुकानापुरतं, मापं घेण्यापुरतं. तिथल्या कागदावर मी होते त्याहून जास्त बहिरी ठरले. तुमची मातृभाषा कन्नड, तरी तुमचा पहिला प्रश्न होता, "घरी काय बोलता?" पुढच्या वेळी तुम्ही मराठी शब्द घेऊन आलात, 'ळ' आणि 'ल' नीट वेगळे म्हणत. पान, बाण, मान. ओठांवर तिन्ही सारखेच दिसतात, आणि मी इतकी वर्षं ओठांवरच जगले. म्हणून तुम्ही तोंडासमोर कापड ताणलेली गोल रिंग धरलीत. भरतकामाची रिंग! आमच्या धंद्यातली वस्तू तुमच्या हातात बघून मला एकदम धीर आला.

शांत खोलीत जुन्या आणि नव्या मशीनमध्ये फारसा फरक निघाला नाही. माझं तोंड उतरलं. तुम्ही काही न बोलता स्पीकरवर गर्दीचा आवाज लावलात आणि तीच परीक्षा पुन्हा घेतलीत. जुन्या मशीनवर मी हात टेकले. नव्यावर वाक्यं हाती लागायला लागली, सगळी नाहीत, पण अर्थ लागण्याइतकी. समोरचा आवाज धरायचा आणि मागचा गोंगाट दाबायचा, हे काम नवे माइक जास्त चांगलं करतात, हे तुम्ही मग समजावलंत.

पहिला आठवडा मात्र वाईट गेला. सगळ्यांचे आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखे. जुनं मशीन परत लावू का, म्हणून मी तुम्हाला मेसेज केला. "दिवसभर नवंच लावा, मेंदूला वेळ द्या," एवढंच तुमचं उत्तर. तीनदा मॅपिंगला, म्हणजे मशीन माझ्या ऐकण्याला जुळवून घ्यायला, बोलावलंत, एकेका इलेक्ट्रोडचा सगळ्यात बारीक आणि सोसेल तेवढा मोठा आवाज पुन्हा पुन्हा विचारलात, मी कंटाळले तरी तुम्ही कंटाळला नाहीत. घरी लेक रोज रात्री २० मिनिटं पेपर वाचून दाखवायची, तोंडासमोर वही धरून.

लग्नाच्या हॉलमध्ये अजून जमत नाही. फोनवर अनोळखी आवाज अजून निसटतो.

पण परवा आमच्या शहापूरच्या दुकानात दोन्ही शिलाई मशिनी चालू होत्या. मी खाली मान घालून ब्लाउज पीस मापत होते. समोर उभी असलेली बाई म्हणाली, बाही दोन बोटं आखूड करा. मी खडूनं खूण केली, आणि मग हात थांबला. मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नव्हतं.

तुमच्या रिंगचं कापड कडेला विरलंय, माझ्या लक्षात आहे. पातळ, आवाज आरपार जाईल असं कापड ताणून नवी रिंग तयार केलीय. पुढच्या मॅपिंगला घेऊन येते.

तुमची,
शहापूरची टेलर पेशंट