अडकलेल्या गाडीची बातमी येते, उडालेल्या थव्याची नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

समुद्रावर भरतीत अडकलेल्या गाडीचा फोटो पेपरात आला की आमच्याकडे दोन दिवस तोच विषय चालतो, ट्रॅक्टर कोणी लावला, इंजिनात पाणी गेलं का वगैरे. पण ती गाडी वाळूत उतरली तेव्हा तिथे आधी कोण बसलं होतं हे आजवर एकाही बातमीत मी वाचलेलं नाही, म्हणून हे पत्र.

मी अलिबागजवळचा, आक्षी-नागावच्या किनाऱ्यावर गेली बरीच वर्षं पक्षी बघतोय. गौरी-गणपतीच्या आगेमागे इथे चिखल्या, तुतवार, कर्ल्यू असे लांबून येणारे पक्षी उतरायला लागतात, काही तर ऑगस्टमध्येच येतात. तेव्हा आलेल्या छोट्या सँड प्लोव्हरच्या (हा चिखल्याचाच एक प्रकार) छातीवर विणीच्या हंगामातला तांबूस रंग अजून असतो, तो बघायला मिळाला की माझं वर्ष सार्थकी लागतं. हा पक्षी ६०-७० ग्रॅमचा, अंडी घालतो लडाख-तिबेटकडच्या उंच पठारांवर, आणि हिमालय ओलांडून आमच्या वाळूवर येतो. मोठे आधी येतात, त्या वर्षी जन्मलेली पिल्लं मागून, आईबाप सोबत नसताना, रस्ता कोणी न दाखवता. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला रात्री झोप आली नव्हती, खरंच सांगतो.

ऑक्टोबरात मात्र सगळेच राखाडी होतात आणि ओळखताना जीव जातो. छोटा सँड प्लोव्हर का मोठा (या दोन वेगळ्या जाती) हे चोचीच्या आणि पायांच्या लांबीवरून ठरवायचं, तेही शंभर मीटरवरून, आणि दहा वाजले की तापलेल्या वाळूवर हवा अशी थरथरते की दुर्बिणीत पक्षी पाण्यात बुडाल्यासारखे हलतात. कितीतरी रविवार मी वहीत नुसतं "चिखल्या, बरेच" एवढं लिहून घरी आलोय. ते चालतं, त्याची तक्रार नाही.

तक्रार वेळेची आहे. आजोबा भरती काढायचे ती तिथीच्या पाऊणपटीने, म्हणजे अष्टमीला आठाची पाऊणपट सहा वाजता, आणि पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, थोडं मागेपुढे. याचा अर्थ असा की ज्या दिवशी, पौर्णिमा-अमावस्येच्या सुमाराला, उधाण असतं आणि पाणी सगळ्यात वर येतं, त्या दिवशी आमच्या किनाऱ्यावर दिवसाची भरती नेमकी दुपारच्या सुमाराला लागते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत पाणी वरपर्यंत येत नाही, पक्षी लांब पांगलेले असतात, त्रास कमी. पण उधाणाला खालची सगळी वाळू बुडते आणि जेवढे पक्षी मैलभर पसरून खात होते ते सगळे सुरूच्या झाडांपुढच्या कोरड्या पट्ट्यात गोळा होतात, वाऱ्याकडे तोंड करून, एक पाय पोटात घेऊन. ओहोटी लागेपर्यंत त्यांना खायला काही नाही, तेवढे दोन-तीन तास विश्रांतीचे. आणि बरोबर त्याच वेळी पर्यटक नाश्ता करून गाड्या घेऊन वाळूवर येतात.

एक गाडी आली की थवा उडतो, फिरून बसतो, दुसरी गाडी, परत उडतो. यातले वयाने मोठे पक्षी याच महिन्यांत पंखांची पिसं बदलत असतात, अर्धवट पंखांवर उडायला किती ताकद लागत असेल बघा. कुत्रीही मागे लागतात. आणि आमच्यातलेच काही कॅमेरेवाले, उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून मुद्दाम थव्याकडे चालत जातात, याची मला गाड्यांपेक्षा जास्त चीड येते कारण त्यांना सगळं माहीत असतं. कोळीवाड्यातली माणसं जाळी घेऊन त्याच वाळूवरून रोज जातात, थव्याला वळसा घालून, आणि एक पक्षी हलत नाही.

गेल्या वर्षी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी त्या थव्यात एका प्लोव्हरच्या पायात रंगीत झेंडी दिसली. अशी झेंडी म्हणजे कोणीतरी कुठेतरी त्याला हातात धरून, नोंद करून सोडलेलं. त्यावरची अक्षरं वाचता आली तर कळतं हा कुठून आला, किती वर्षांचा आहे. एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदा दिसलेली. मी वाळूवर पोटावर सरकत चाललो होतो, पहिलं अक्षर जवळजवळ लागलं होतं, आणि मागून एक उघडी जीप गाणी लावून पाण्याच्या कडेकडेने आली. थवा गेला तो खाडीच्या पलीकडे. मी दोन वाजेपर्यंत बसून होतो, पुढचे चार दिवसही गेलो, ती झेंडी परत दिसली नाही.

माझी मागणी छोटी आहे आणि ती तुमच्याकडे आहे. पावसाळ्यात तुम्ही भरतीची वेळ आणि लाटांची उंची छापता, लोक ती वाचतात. तोच चौकोन ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत चालू ठेवा आणि उधाणाच्या दिवशी खाली एक ओळ टाका, भरतीच्या आधी-नंतर तास-तासभर वाळूवर गाडी नेऊ नका, पक्षी बसलेले असतात. सुरूच्या अलीकडे पार्किंगला जागा आहे, तिथून समुद्र चालत पाच मिनिटं.

या वर्षीचे पहिले अकरा प्लोव्हर आलेत. पुढच्या अमावस्येला मी सकाळी नऊपासून तिथेच असेन, तुमच्या वार्ताहराला पाठवलंत तर दुर्बीण मी देईन.

आपला,
एक नियमित वाचक, अलिबाग तालुका